यंत्र गावात पोहोचले, रुग्ण यंत्रापर्यंत पोहोचला काय?

रोगाचे निदान करणारी यंत्रे शहरात आणि रोगी खेड्यात, ही आपल्या आरोग्यव्यवस्थेतील जुनी विसंगती आहे. एक्स-रे, सोनोग्राफी वा सीटी स्कॅन करून घ्यायचे तर दुर्गम भागातील रुग्णाला तालुक्याचे आणि बहुधा जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. प्रत्यक्ष तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. पण तिच्यासाठी दिवसाची मजुरी बुडते, सोबत आलेल्या माणसाचीही बुडते आणि जाण्यायेण्याचा खर्च वेगळाच. साहजिकच ‘हंगाम संपल्यावर बघू’ असे म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. क्षयासारख्या संसर्गजन्य रोगात या दिरंगाईची किंमत एकटा रुग्ण मोजत नाही. त्याच्या घरातील आणि वस्तीतील माणसेही मोजतात.

यंत्रच वाहनावर चढवून रुग्णाच्या दारी न्यावे, हा यावर सहज सुचणारा उपाय. मात्र तो वाटतो तितका सोपा नाही. एकेकाळी हा उपाय जगभर मोठ्या प्रमाणावर योजला गेला आणि पुढे सोडूनही दिला गेला. आज नवी यंत्रे हाती आल्याने तो पुन्हा अमलात येत आहे. अशा वेळी फिरती तपासणी-सुविधा घडविताना कोणत्या गोष्टींचा विचार करावा लागतो आणि पूर्वीचा प्रयत्न कोठे अडखळला, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

रणांगणापासून ग्लासगोपर्यंत

विल्हेल्म रॉन्टजेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरणांचा शोध लावला तो ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. त्यानंतर वीस वर्षेही उलटली नव्हती, तोच पहिल्या महायुद्धात मेरी क्युरी यांनी हे यंत्र मोटारीत बसवून आघाडीवर नेले. जखमी सैनिकाच्या शरीरात गोळी नेमकी कोठे रुतली आहे हे शस्त्रक्रियेपूर्वी कळावे, हा त्यामागील हेतू. आघाडीवर विजेची सोय नसे. म्हणून मोटारीच्या इंजिनावर डायनॅमो चालवून वीज निर्माण करण्याची योजना त्यांनी केली. ‘छोट्या क्युरी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाड्या म्हणजे फिरत्या क्ष-किरण केंद्राचा आद्य नमुना होय.

१९३६ मध्ये ब्राझीलचे डॉक्टर मानुएल दि अब्रेउ यांनी छातीची प्रतिमा छोट्या आकाराच्या फिल्मवर घेण्याची पद्धत रूढ केली. मोठ्या फिल्मचा खर्च वाचल्याने हजारो लोकांची छाती झपाट्याने तपासणे शक्य झाले. १९५७ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात फिरत्या केंद्रांच्या साह्याने अवघ्या पाच आठवड्यांत सात लाखांहून अधिक नागरिकांचे एक्स-रे काढण्यात आले.

भारतही यात मागे नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात क्षयरोगाचे देशव्यापी नमुना सर्वेक्षण केले, ते फिरत्या क्ष-किरण पथकांच्याच आधारे. क्षय हा प्रामुख्याने शहरांतील दाट वस्तीचा रोग, ही तोवरची समजूत या सर्वेक्षणाने खोडून काढली. खेड्यांतही त्याचे प्रमाण जवळपास तेवढेच असल्याचे दिसून आले. गाडी खेड्यात गेली नसती तर ही गोष्ट उघड व्हायला आणखी वर्षे लागली असती.

एवढे यश मिळूनही १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने सरसकट सर्वांचे एक्स-रे काढण्याची पद्धत बंद करावी असा सल्ला दिला. आपल्याकडे तर त्याआधीच, १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात, थुंकीच्या तपासणीवर भर देण्यात आला होता. खर्च अवाढव्य होता, प्रतिमा वाचणारे तज्ज्ञ मोजके होते आणि गाडी किंवा यंत्र बिघडले की पथक दीर्घकाळ ठप्प होई. शिवाय दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात नव्याने रोगी होणारे लोक या तपासणीत सापडत नसत. थोडक्यात, क्ष-किरण नव्हे, तर त्याभोवतीची व्यवस्था अपुरी पडली.

पुन्हा चाके का फिरू लागली?

ही पद्धत नव्याने चर्चेत येण्यास एक महत्त्वाचे कारण घडले. २०१९ ते २०२१ या काळात भारतात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात असे आढळले, की छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. कारण त्यांना खोकला, ताप, वजन घटणे अशी विचारून कळणारी लक्षणेच नव्हती. जो माणूस स्वतःला आजारी समजत नाही, तो दवाखान्यात जाणार कशाला? त्याला शोधायचे तर तपासणीनेच त्याच्याकडे जायला हवे.

दरम्यान तंत्रज्ञानही बदलले. फिल्म आणि ती धुण्याची अंधारी खोली दोन्ही गेल्या. डिजिटल पट्टिकेवर प्रतिमा काही सेकंदांत उमटते. ती वाचून संशयित रुग्ण वेगळे काढणाऱ्या संगणकप्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या क्षय-चाळणीसाठी मान्यता दिली. मुंबईत विकसित झालेली एक प्रणालीही या क्षेत्रात वापरली जाते. एक्स-रेवर संशय आला म्हणजे क्षय सिद्ध झाला असे नव्हे. खात्रीसाठी थुंकीची चाचणी करावीच लागते. त्यासाठी गोव्यातील कंपनीने तयार केलेले ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे यंत्र उपलब्ध आहे. म्हणजे संशय आणि खात्री ही दोन्ही कामे आता एकाच शिबिरात उरकता येतात. ७ डिसेंबर २०२४ रोजी देशातील ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरण्याजोगी एक्स-रे यंत्रे वापरली गेली, ती याच बदलामुळे.

विजेचे गणित

फिरत्या सुविधेपुढील पहिला प्रश्न विजेचा. छातीचा एक एक्स-रे काढताना नळीला क्षणभर मोठी शक्ती लागते. एक लाख व्होल्ट दाब आणि शंभर मिलिअँपिअर प्रवाह धरला, तर ती दहा किलोवॉट भरते. गावातील साध्या घरगुती जोडणीला हा भार पेलवत नाही. मात्र ही शक्ती लागते ती सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरतीच. त्यामुळे प्रत्यक्षात खर्च होणारी ऊर्जा अवघी २०० ज्यूल, म्हणजे दहा वॉटचा एलईडी दिवा वीस सेकंद जळण्याइतकी असते.

या गणितातच युक्ती दडलेली आहे. ऊर्जा बॅटरीतून सावकाश साठवून ठेवायची आणि एका झटक्यात वापरायची. त्यामुळे गावातील वीज गेलेली असली तरी तपासणी थांबत नाही. तीन-साडेतीन किलो वजनाचे हाती धरण्याचे यंत्र याच मार्गाने शक्य झाले. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. त्याचा प्रवाह कमी असल्याने किरण अधिक वेळ सोडावे लागतात. तेवढ्यात रुग्ण हलला तर प्रतिमा पुसट येते, आणि स्थूल व्यक्तीची प्रतिमा मुळातच तितकी स्पष्ट येत नाही.

सीटी स्कॅनची गोष्ट निराळी. त्यात क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती वेगाने फिरते व किरण सलग काही सेकंद सोडले जातात. म्हणून सीटी बसविलेल्या वाहनाला दणकट जनरेटर अपरिहार्य ठरतो. वातानुकूलन ही तर चैन नसून गरज असते. पोलादी पेटी विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात भट्टीसारखी तापते, तर डिजिटल पट्टिका बहुधा ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच विनातक्रार काम करतात. जनरेटर वा बॅटरी निवडताना यंत्राच्या विजेबरोबर या थंडाव्याच्या विजेचाही हिशेब करावा लागतो, आणि तोच अनेकदा मोठा निघतो.

शिशाच्या भिंतीचे ओझे

दुसरा प्रश्न किरणोत्सर्गापासून संरक्षणाचा. छातीच्या एका एक्स-रेमधून रुग्णाला मिळणारी मात्रा निसर्गातून दहा दिवसांत मिळणाऱ्या मात्रेपेक्षा सहसा जास्त नसते. तथापि रुग्ण एकदाच येतो. तंत्रज्ञ मात्र दिवसभर तेथेच असतो आणि बाहेर रांगेत मुले, गरोदर स्त्रिया उभ्या असतात. सर्वसामान्य नागरिकासाठी अशा कृत्रिम स्रोतांची वार्षिक मर्यादा एक मिलिसिव्हर्ट आहे. क्ष-किरण यंत्र चालविण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची संमती घ्यावी लागते, ती याचसाठी.

रुग्णालयात जाड विटांची भिंत हे काम करते. वाहनात ते शिशाच्या पत्र्याकडे येते. शिसे मोठे जड. दोन मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचे वजन जवळपास तेवीस किलो भरते. वीस फुटी मालवाहू कंटेनरच्या चारही भिंतींना तो लावायचा म्हटले तर नुसत्या शिशाचे वजन सुमारे नऊशे किलो होईल. एवढे ओझे वाढले की मोठी गाडी हवी, मोठ्या गाडीला रुंद रस्ता हवा, आणि जेथे रुंद रस्ता आहे तेथील रुग्ण बहुधा एसटीने तालुक्याला पोहोचू शकतो! म्हणजे संरक्षणाच्या नादात ज्याच्यासाठी खटाटोप केला तोच दूर राहतो.

यावर तोड निघते ती अंतराच्या नियमाने. स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता चौथाईवर येते. म्हणून कुशल रचनाकार शिसे सरसकट लावीत नाही. किरणांचा झोत ज्या भिंतीकडे रोखलेला असतो तेथे ते पुरेसे लावतो, तंत्रज्ञासाठी आडोसा करतो आणि रांग गाडीच्या विरुद्ध टोकाला, दोरी बांधून दूर ठेवतो. छातीच्या एक्स-रेसाठी नळी व पट्टिका यांत साधारण १८० सेंटिमीटर अंतर लागते, तर कंटेनरची आतील रुंदी असते जेमतेम २३५ सेंटिमीटर. त्यामुळे झोत आडवा न ठेवता लांबीच्या दिशेने ठेवणे सोयीचे पडते. एका निर्णयाने जागा, वजन व सुरक्षितता या तिन्हींचा मेळ बसतो.

रस्ता जेथे संपतो

तिसरा प्रश्न रस्त्याचा. खड्ड्यांतून जाताना बसणारे हादरे, धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांपासून नाजूक यंत्र वाचवावे लागते. प्रवासात फिरते भाग खिळवून ठेवणे, मुक्कामी पोहोचल्यावर वाहन जॅकवर समतल करणे आणि पहिला रुग्ण घेण्यापूर्वी यंत्राची चाचणी प्रतिमा काढणे ही नित्याची कामे होत.

सर्वांत अवघड प्रवासी म्हणजे एमआरआय. रुग्णालयातील दीड टेस्ला शक्तीचे चुंबक पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट बलवान असते आणि ते उणे २६९ अंश तापमानाच्या द्रवरूप हेलियममध्ये ठेवावे लागते. गाडी धावत असतानाही शीतकरण चालू राहावे लागते. मोठ्या ट्रेलरवर अशी यंत्रे परदेशांत फिरतात; पण घाटातील अरुंद रस्ता त्यांना झेपणारा नव्हे. २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका लहान यंत्राने निराळी वाट धरली. त्याचे चुंबक केवळ ०.०६४ टेस्लाचे असून ते साध्या प्लगवर चालते व ढकलत रुग्णाच्या खाटेशी नेता येते. त्याची प्रतिमा ढोबळ असते आणि ते फक्त मेंदूसाठी वापरले जाते. तरीही जेथे काहीच उपलब्ध नाही तेथे ढोबळ चित्रालाही मोल आहे.

पक्षाघाताच्या बाबतीत तर वेळच निर्णायक असते. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे सीटीशिवाय खात्रीने सांगता येत नाही, आणि गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. रक्तस्राव असताना ते दिले तर जीव जाऊ शकतो. जर्मनीतील होम्बुर्ग येथे २००८ मध्ये सीटी यंत्र थेट रुग्णवाहिकेत बसवून हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आसामातही अशी फिरती पथके राबविली आहेत.

तरीही काही ठिकाणी कोणतेच वाहन पोहोचत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुराने पावसाळ्यात तुटतो. नंदुरबारमधील नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागला. अशा जागी कंटेनरचा उपयोग नाही; होडीतून किंवा पाठीवर नेता येणारी यंत्राची पिशवीच तेथे कामाची. रस्ता पाहून यंत्र ठरवावे, यंत्र घेऊन मग रस्ता शोधू नये, हे तत्त्व येथे लागू पडते.

शेवटची पायरी

वीज, भिंत आणि रस्ता हे तिन्ही प्रश्न सुटले, गाडी गावच्या चावडीपुढे उभी राहिली. तरी एक अडथळा उरतोच. तो म्हणजे गाडीची पायरी. मोठ्या वाहनाचे तळ जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच असते. गुडघे धरलेली वृद्धा, चाकाच्या खुर्चीवरील तरुण, दम लागणारा क्षयरोगी यांना ती तीन-चार अरुंद पायऱ्यांची शिडी चढणे अशक्य होते. ज्यांना तालुक्याला जाणे सर्वांत कठीण, तेच गावात आलेल्या यंत्रापासूनही वंचित राहतात.

उतरंड लावावी तर एका मीटर उंचीसाठी बारा मीटर लांबी लागते, कारण सुरक्षित चढाचे प्रमाण एकास बारा मानले जाते. म्हणजे जवळजवळ एसटी बसएवढी लांब उतरंड! ती बरोबर वाहून नेणे कठीण. म्हणून कंटेनर ट्रकवरून उतरवून थेट जमिनीवर ठेवणे, वाहनाचे तळ मुळातच खाली घेणे किंवा मागे उचलयंत्र बसविणे असे पर्याय निवडावे लागतात. उचलयंत्र बिघडले तर हाताने चालविण्याची सोय असणे आवश्यक. याहून सोपा मार्ग म्हणजे यंत्रच खाली उतरवून शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या खोलीत मांडणे. मात्र त्या वेळी किरणांच्या सुरक्षिततेचा विचार त्या खोलीपुरता नव्याने करावा लागतो.

आत गेल्यावरही प्रश्न संपत नाहीत. चाकाची खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. उभे राहता न येणाऱ्याची प्रतिमा बसवून घेता यावी इतकी पट्टिका खाली आली पाहिजे. तपासणीचे टेबल कमरेएवढे उंच असेल तर खुर्चीवरून त्यावर सरकता येत नाही. अमेरिकेतील संबंधित मंडळाने २०२४ मध्ये अशा टेबलांची किमान उंची १७ इंचांपर्यंत खाली यावी असा मानदंड ठरविला, तो यामुळेच. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आरोग्य केंद्रांत अडथळाविरहित प्रवेश देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. चाके असली म्हणून आरोग्य केंद्र या तत्त्वातून सुटू नये.

अडथळे नेहमी लाकडा-लोखंडाचेच असतात असेही नाही. ‘श्वास घ्या, रोखून धरा’ ही सूचना कळली नाही तर प्रतिमा वाया जाते. मेळघाटात ती कोरकूत आणि भामरागडात माडियात देता यायला हवी. ऐकू न येणाऱ्यासाठी दिव्याची खूण हवी. स्तनांच्या तपासणीची गाडी असेल तर कपडे बदलण्याची बंदिस्त जागा, स्त्री तंत्रज्ञ आणि बाहेरून आत न दिसणारे दार यांवाचून बायका फिरकणारच नाहीत. रांगेला सावली, पिण्याचे पाणी आणि जवळ शौचालय या गोष्टी निविदेत क्वचितच लिहिल्या जातात. पण किती माणसे तपासून घेतील हे त्यांवर बरेच अवलंबून असते.

हलविता येते म्हणून हलवावे काय?

एक यंत्र मात्र असे आहे, की ते सहज हलविता येत असूनही कायद्याने जखडले आहे. ते म्हणजे सोनोग्राफी. तिला शिशाची भिंत लागत नाही, वजन किरकोळ आणि वीजही थोडी. फिरत्या सेवेसाठी याहून सोयीचे यंत्र नाही. परंतु याच सोयीचा गैरफायदा गर्भलिंगनिदानासाठी घेतला गेला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम याविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. २०१२ च्या दुरुस्तीनुसार हलविण्याजोगे सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत केंद्राच्या आवारात आंतररुग्णांसाठी किंवा अनेक आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येते. मुलींच्या जिवाच्या रक्षणासाठी हे बंधन आवश्यक ठरले. त्याची किंमत दुर्गम पाड्यांतील गरोदर स्त्रियांनाही मोजावी लागते, हेही तितकेच खरे. म्हणून नोंदणी, नोंदवही आणि देखरेख यांसह पथक उभारणे हा फिरत्या सोनोग्राफीच्या रचनेचाच भाग समजला पाहिजे.

अहवाल हाती पडेपर्यंत

प्रतिमा काढली म्हणजे काम झाले असे नाही. ती कोण वाचणार, अहवाल किती वेळात येणार, संपर्कक्षेत्र नसेल तर प्रतिमा साठवून पुढे कशी पाठविणार आणि दोष आढळलेल्या माणसाला औषध कोठे मिळणार, हे गाडी निघण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. संशयित ठरवून सोडून दिलेल्या रुग्णाच्या पदरी भीतीखेरीज काही पडत नाही. गाडी पुन्हा त्या गावी केव्हा येणार हेही महत्त्वाचे, कारण आज निरोगी आढळलेला माणूस वर्षभराने आजारी असू शकतो.

१९७४ चा सल्ला आज पुन्हा वाचताना हेच जाणवते. फिल्म, अंधारी खोली आणि तज्ज्ञांची टंचाई यांवर तंत्रज्ञानाने बऱ्याच अंशी मात केली आहे. सुटे भाग, चालकाचा पगार, डिझेल, वार्षिक देखभाल आणि पुढील उपचार यांची तरतूद करणे मात्र आजही माणसांच्याच हाती आहे. जिल्हा परिषद असो वा देणगीदार उद्योग, फिरते यंत्र घेण्यापूर्वी त्यांनी यंत्राची किंमत तर विचारावीच. त्याबरोबर पाच वर्षे ते चालविण्याचा खर्च कोण करणार, भर पावसाळ्यात ते कोठपर्यंत जाणार आणि चाकाच्या खुर्चीवरील माणूस त्यात कसा चढणार, हेही विचारावे. या तीन प्रश्नांची उत्तरे निविदेतच लिहून घेतली, तर गावात आलेली गाडी केवळ उद्घाटनाच्या छायाचित्रापुरती उरणार नाही.